लाइफ कोच की थेरपी? बढतीचा निर्णय आणि पहाटे चारची जाग

नाशिकहून एका बँक अधिकारी बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३८. बढतीसाठी निवड झाली आहे, पण ती घेतली तर बदली जिल्ह्याबाहेर, कदाचित राज्याबाहेरही. मुलगा सातवीत, सासूबाईंचे गुडघे दुखरे. बढती घ्यावी की नाकारावी हे तीन-चार महिने ठरतच नाही. मैत्रिणीने एक लाइफ कोच सुचवल्या आहेत, तीन महिन्यांचे ६० हजार रुपये. बहीण म्हणते, थेरपी घे. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय: ‘हल्ली पहाटे चारला जाग येते ती येतेच, जेवणावरची वासना गेलीय, साधं पत्र लिहायला तास लागतो. पण मला आजार वगैरे काही नाही, फक्त निर्णय होत नाही. मग कोणाकडे जाऊ?’

आधी उत्तर, कारणं मागाहून. कोचचे पैसे आत्ता भरू नका. या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्या. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे एक-दोन भेटींत नीट मूल्यमापन करून घ्या. बढतीचा पेच खरा आहे आणि त्यासाठी पुढे कोचची मदत घेता येईलही. पण तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, आणि जो तुम्ही शेवटच्या दोन ओळींत उरकलात त्याचा नंबर पहिला आहे.

याचं कारण असं की निर्णय न होणं हे नैराश्याच्या निदानाच्या निकषांपैकीच एक आहे. एकाग्रता कमी होणं आणि निर्णय न घेता येणं, ही दोन्ही तिथे एकाच ओळीत येतात. तुम्हाला नैराश्य आहेच असं पत्रावरून कोणीही म्हणू शकत नाही, म्हणूही नये. पण पहाटेची जाग, भूक मंदावणं, कामाचा वेग पडणं आणि निर्णय अडणं ही चौकडी एकत्र आली असेल, तर बढती हा ‘विषय’ असेल आणि निर्णय न होणं हे ‘लक्षण’. अशा वेळी तीन महिने फायदे-तोट्यांचे तक्ते भरत बसलात तर तक्ते उत्तम होतील आणि निर्णय तिथेच राहील.

कोचिंग आणि थेरपी यांतला फरक सांगताना ‘थेरपी भूतकाळाची, कोचिंग भविष्याचं’ असं एक वाक्य सर्रास फेकलं जातं. ते चुकीचं आहे आणि त्यामुळे माणसं चुकीच्या दारात जाऊन उभी राहतात. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या थेरपींपैकी बऱ्याच वर्तमानावरच काम करतात. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या थेरपीत, या आठवड्यात काय घडलं, त्या क्षणी मनात कोणता विचार आला आणि पुढे तुम्ही काय केलंत, हेच तपासलं जातं. अल्बर्ट एलिस यांची १९५०च्या दशकातली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, तीही बालपण उकरत बसत नाही. आत्ता मनात पक्का बसलेला अविवेकी आग्रह कोणता, हे विचारते. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी तर नावाप्रमाणेच पुढच्या आठवड्याची आखणी करते. म्हणजे ‘मला मागचं काही उगाळायचं नाही’ एवढ्यावरून कोच निवडण्यात अर्थ नाही.

खरा फरक दोघं काय गृहीत धरतात यात आहे. कोचिंग असं धरून चालतं की तुमची झोप, भूक, लक्ष, उमेद ही यंत्रणा ठीक आहे; दिशा ठरली आणि कोणी पाठपुरावा केला की तुम्ही कामाला लागाल. जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली ‘ग्रो’ ही पद्धत बघा: ध्येय काय, आजचं वास्तव काय, पर्याय कोणते, आणि त्यातलं नक्की काय करणार. चौथी पायरी पूर्णपणे तुमच्या इच्छाशक्तीवर उभी आहे. थेरपी हे गृहीत धरत नाही. ती यंत्रणाच तपासते, आणि इच्छा नसतानाही कसं हलायचं याची पद्धत तिच्याकडे असते.

एकच साधी कृती घेऊन हे दाखवता येईल: सकाळचं चालणं. कोचिंगमध्ये ते बहुधा असं येतं: ‘तुम्हाला स्वतःसाठी वेळ हवाय ना? मग उद्यापासून सकाळी पाऊण तास, २१ दिवस, रोज मला व्हॉट्सॲपवर टिक पाठवा.’ यंत्रणा धड असलेल्या माणसाला हे छान लागू पडतं. नैराश्यातला माणूस दोन दिवस जातो, तिसऱ्या दिवशी अंगात शिसं भरल्यासारखं होतं, टिक पाठवली जात नाही. कोच विचारते, ‘काय आडवं आलं? तुम्हाला हे खरंच हवंय का?’ प्रश्न चांगल्या हेतूने विचारलेला असतो. पण अपराधी वाटणं हे ज्याचं आधीच लक्षण आहे, तो यातून एकच निष्कर्ष काढतो: आपण आळशी आहोत, आपल्यात दमच नाही. पुढच्या सेशनला तो खोटं बोलतो किंवा जात नाही. पैसे गेले, शिवाय ‘मदत घेऊनही काही झालं नाही’ ही समजूत डोक्यात बसली. खरी हानी ही आहे, कारण त्यानंतर योग्य दार ठोठवायला आणखी वर्ष-दीड वर्ष जातं.

तेच चालणं बिहेवियरल ॲक्टिवेशनमध्ये, म्हणजे छोट्या ठरलेल्या कृतींपासून सुरुवात करणाऱ्या थेरपीत, असं येतं: मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर चप्पल न काढता दहा मिनिटं, सोसायटीच्या आवारातच. निघण्याआधी मन किती जड आहे याला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा, आल्यावर पुन्हा द्यायचा. झालं नाही तर ‘का नाही झालं’ असं न विचारता ‘त्या वेळी नेमकं काय चालू होतं’ ते लिहायचं. पुढच्या भेटीत ती वही उघडतात. दहाचं पाच मिनिटं करतात, वेळ बदलतात, किंवा चालण्याऐवजी बहिणीला फोन घालतात. इच्छा आधी आणि कृती नंतर हा क्रम इथे मुद्दाम उलटा केलेला असतो, कारण नैराश्यात इच्छेची वाट बघत बसलं तर ती येत नाही. कृती बाहेरून सारखीच दिसते, तिच्यामागचं मोजमाप वेगळं आहे.

मग आपली यंत्रणा ठीक आहे की नाही हे घरबसल्या कसं ताडायचं? पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात, मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २७ पैकी. ५ पर्यंत पोचलं नाही तर काळजीचं सहसा काही नसतं. ५ ते ९ सौम्य: दोन आठवड्यांनी पुन्हा भरून बघा. १० किंवा जास्त आलं तर मूल्यमापन हवंच, १५ किंवा वर असेल तर टाळाटाळ नको, २० किंवा वर म्हणजे तीव्र. चिंतेसाठी जीएडी-७ अशाच पद्धतीची आहे, २१ पैकी, तिथेही १० ही रेषा. या चाळण्या आहेत, निदान नव्हे. थायरॉइड मंद असेल, हिमोग्लोबिन आठ-नऊवर असेल किंवा बी-१२ तळाला गेलं असेल तरी गुण वर जातात. म्हणून रक्ततपासणी आधी सांगितली: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, साखर. पाळीत बदल झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याचा झोपेशी संबंध असू शकतो.

पीएचक्यूचा नववा प्रश्न वेगळा आहे. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हे तो विचारतो. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, कोच की थेरपी हा प्रश्न त्या दिवसापुरता बाजूला ठेवायचा. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. धोका अगदी जवळ असेल तर ११२. पोलिसांचं लचांड मागे लागेल या धास्तीने लोक गप्प बसतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे आणि तिला सांभाळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

नैराश्याशिवाय आणखी काही गोष्टी कोचच्या कक्षेबाहेरच्या आहेत. अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणं, आता मरतो की काय असं वाटणं, आणि मग त्या भीतीने लोकल किंवा लिफ्ट टाळणं. हात धुणं, कुलूप तपासणं, नकोसे विचार डोक्यातून न जाणं. अपघात, मारहाण किंवा लैंगिक अत्याचारानंतर तेच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येणं. रोजची दारू. लोक आपल्याबद्दल बोलतात, आपल्यावर पाळत ठेवतात अशी खात्री वाटणं. ओसीडीत, म्हणजे हात धुण्या-तपासण्याच्या आणि नकोशा विचारांच्या त्या चक्रात, तर सद्हेतूने केलेली मदतही उलटते: माणूस दहादा विचारतो ‘सगळं ठीक होईल ना?’ आणि कोच दहादा धीर देते. प्रत्येक दिलाशाने ते चक्र आणखी घट्ट होतं. त्याची उपचारपद्धती अगदी वेगळी आहे. भीती वाटणारी गोष्ट टप्प्याटप्प्याने समोर आणायची आणि धुणं-तपासणं मुद्दाम रोखायचं. ती शिकलेल्या माणसाकडूनच घ्यायची असते.

नैराश्याच्या उलट टोकाची अवस्था कोचिंगमध्ये सर्वांत सहज नजरेआड होते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल. महिनोन् महिने मरगळलेला माणूस अचानक उठतो. तीन-चार तास झोपूनही ताजातवाना. डोक्यात धंद्याच्या पाच कल्पना, रात्री दोनला लांबलचक मेसेज, बोलण्याचा वेग वाढलेला, एफडी मोडून काहीतरी विकत घेतलेलं. कोचला वाटतं, आपली मात्रा लागू पडली. क्लायंटलाही तसंच वाटतं, आणि दोघं मिळून नोकरीचा राजीनामा लिहितात. हे चार दिवस किंवा अधिक टिकलं, आणि घरचे ‘हा नेहमीचा नाही’ असं म्हणू लागले, तर ते हायपोमेनिया असू शकतं, म्हणजे बायपोलर आजाराचा (मूड कधी खोल खाली, तर कधी फार वर जाण्याचा) एक टप्पा. कमी झोपूनही थकवा न येणं ही यातली सर्वांत उपयोगी खूण. कामाच्या ताणाने झोप कमी झाली तर माणूस दमतो. इथे दमत नाही. घरात पूर्वी कोणाला असा त्रास झाला असेल तर नैराश्याच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना आवर्जून सांगा. बायपोलर असेल तर नुसत्या त्या गोळ्यांनी मूड वरच्या टोकाला उसळू शकतो, आणि औषधांची निवडच बदलते.

आता दारावरच्या पाट्यांविषयी. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि औषधं तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामासह विशेष प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ. वर्षानुवर्षं त्यासाठी एमफिल ही पदवी ओळखली गेली. त्याची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, ती १९९२च्या कायद्याने आलेली संस्था. तिचा सीआरआर (नोंदणी) क्रमांक विचारायचा आणि त्यांच्या वेबसाइटवर तो ताडून बघायचा. विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही. नीट काम करणारी व्यक्ती तो आपणहून सांगते. मानसशास्त्रात एमए करून समुपदेशन करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले अनेक उत्तम आहेत. त्यांच्यासह इतर आरोग्यव्यवसायांचं नियमन करण्यासाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. समुपदेशकाची पारख करताना पदवीइतकंच ‘तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?’ (म्हणजे तुमच्या कामावर कोणी अनुभवी व्यक्ती नजर ठेवते का) या प्रश्नाला महत्त्व द्या.

लाइफ कोच या नावाला आपल्याकडे कायद्याचं कसलंच कुंपण नाही. शनिवार-रविवारचं शिबिर करून उद्या कोणीही पाटी लावू शकतं. मात्र सगळे कोच एका मापाचे नाहीत. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था तीन पायऱ्यांची मान्यता देते. एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीसाठी १२५ आणि ५००, एमसीसीसाठी २०० आणि २,५००. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. तिच्या आचारसंहितेनुसार आपल्या कक्षेबाहेरचा प्रश्न दिसला तर क्लायंटला दुसऱ्या तज्ज्ञाकडे जायला सुचवणं हे कोचचं काम आहे. ‘सर्टिफाइड’ या शब्दावर थांबू नका. कोणाचं सर्टिफिकेट, किती तासांचं, हे विचारा.

पदवी नसलेल्या माणसाच्या हातून उपचार होतच नाहीत, असंही समजू नका. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी दिल्या. नेहमीच्या देखभालीला या भेटींची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांनी लक्षणांतून बाहेर होते. नुसती नेहमीची देखभाल मिळालेल्यांत ३९ टक्के. पण तिथे पद्धत ठरलेली होती, सेशन रेकॉर्ड होऊन तपासली जात होती आणि तीव्र धोका दिसला की पुढे पाठवायची वाट आखलेली होती. अशी वाट नसलेल्या कोचकडे किंवा समुपदेशकाकडे जाणं ही जोखीम आहे, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत.

म्हणून पहिल्या फोनवर किंवा भेटीत सरळ विचारायचं. माझ्यासारख्या तक्रारीवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? साधारण किती भेटी लागतात? फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार? फरक पडला नाही तर काय करणार? तुमच्या कामाबाहेरचं काही निघालं तर कोणाकडे पाठवता? सीबीटी करणारी व्यक्ती ‘साधारण १२ ते २० भेटी, ४५ ते ६० मिनिटांच्या, पाचव्या-सहाव्या भेटीला आढावा’ असं काहीतरी ठोस सांगेल. ‘बघू, प्रत्येकाचा प्रवास वेगळा असतो’ एवढंच उत्तर आलं तर पुढचं नाव शोधा.

पैशांचं बोलणंही त्याच भेटीत. थेरपीत पैसे बहुधा भेटीगणिक असतात, कोचिंगमध्ये पॅकेज. ६० हजारांत नेमकी किती सेशन, किती मिनिटांची, मध्येच थांबवलं तर किती परत, हे लेखी घ्या. हप्त्यांचं कर्ज काढायला लावणाऱ्याला नमस्कार करा. ‘आज रात्रीपर्यंत भरलंत तर सूट’ हे आरोग्याशी संबंधित कोणत्याही व्यवहारात ऐकून घेऊ नका. निर्णय घेण्याची ताकद ज्याची क्षीण झाली आहे त्याच्यावर घाईचा दबाव आणणं हे सरळ अन्यायाचं आहे. कोच नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के जीएसटी लागतो, डॉक्टरांच्या उपचारांना तो नाही. आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावा असं २०१७च्याच कायद्यात कलम २१ सांगतं. मात्र बऱ्याच पॉलिसींत बाह्यरुग्ण भेटींचा खर्च वेगळा घेतल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा पॉलिसीत ‘ओपीडी’ शब्द शोधा.

बँकेत कळेल का, ही शंका तुमच्या मनात असणारच. उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन त्याच कायद्याच्या कलम २३ने घातलं आहे, मोजके अपवाद वगळता. कोचवर ते नाही; तिथे तुमच्या करारात जे लिहिलं असेल तेवढंच. म्हणून कोचशी करार करताना गोपनीयतेचा परिच्छेद वाचा, आणि तुमची ‘यशोगाथा’ इन्स्टाग्रामवर टाकण्याची परवानगी त्यात गुपचूप घेतलेली नाही ना, तेही पाहा. बँकेने स्वतःच समुपदेशन सेवा लावून दिली असेल तर ‘बँकेला नक्की काय कळवता?’ हे पहिल्याच फोनवर विचारा.

कोचिंग उपयोगाचं कुठे आहे तेही नीट सांगायला हवं, कारण त्याला सरसकट नावं ठेवणारे काही उपचारकही असतात. झोप-भूक ठीक, काम चालू, घरात हसणं-बोलणं चालू, आणि अडलंय ते एका जागी: पहिल्यांदाच वीस माणसांची टीम हाताखाली आली, बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतायचंय, निवृत्तीनंतरची घडी बसवायची आहे, दोन चांगल्या पर्यायांत निवड करायची आहे. इथे चांगला कोच सहा-आठ सेशनमध्ये जे करून देतो ते थेरपीत कदाचित रेंगाळेल. एडीएचडीतही (लक्ष टिकवणं आणि कामं तडीस नेणं अवघड जाण्याचा त्रास), निदान होऊन उपचार चालू असतील तर, वेळेचं नियोजन आणि पाठपुरावा यासाठी कोचचा फायदा होऊ शकतो. थेरपीही फसते. दर आठवड्याला जाऊन मन मोकळं करायचं, बरं वाटतं, वर्ष उलटतं आणि आयुष्यात एक काडीही हललेली नसते. किंवा समोरची व्यक्ती उपचाराऐवजी ‘बाईने जरा जुळवून घ्यावं’ असे संस्काराचे डोस पाजते. सहाव्या भेटीला पीएचक्यू पुन्हा भरा. आकडा जागचा हलला नसेल तर उपचारकाशी उघड बोला: पद्धत बदलायची, औषधांचं मत घ्यायचं की माणूस बदलायचा.

दोन्ही एकदम चालतं का? चालतं, पण आजाराचा तीव्र टप्पा ओसरल्यावर, आणि दोघांनाही एकमेकांची कल्पना देऊन. औषधांबद्दल कोचने अवाक्षर काढायचं नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा-आठ. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवतात, आणि मग डोस हळूहळू उतरवून थांबवतात. मध्येच तोडल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात वीज गेल्यासारखं होतं, आणि आजार उलटण्याचा धोका वेगळाच. ‘गोळ्या सोड, माझ्या प्रोग्रॅममध्ये त्यांची गरज नाही’ असं म्हणणाऱ्याकडून त्याच दिवशी बाहेर पडा.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक नोंद. अमेरिकेत थेरपिस्टचं लायसन्स राज्यागणिक असतं, त्यामुळे ऑनलाइन घेतानाही तुम्ही बसला आहात त्या राज्यात त्याला परवानगी आहे का, हे बघावं लागतं. कोचला असं काही बंधन नसल्याने जाहिरातींत तेच जास्त दिसतात. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही कायद्याने राखलेली उपाधी आहे, ‘कौन्सेलर’ आणि ‘सायकोथेरपिस्ट’ या नाहीत.

आता पुन्हा तुमच्याकडे. या आठवड्यात सात दिवस झोपायची आणि जाग येण्याची वेळ लिहा, वजन करा, पीएचक्यू भरा. रक्ततपासणीचे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (आयुर्वेदिक, होमिओपॅथीही), घरात कोणाला असा त्रास होता का, हे एका कागदावर लिहून पहिल्या भेटीला न्या. बोलायला सुचणार नाही असं वाटलं तर तो कागदच पुढे करा. बहिणीला बरोबर घ्या. तुमच्यात पडलेला फरक तुमच्यापेक्षा तिला नेमका सांगता येईल. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढा, आणि कुठे जायचं हेच कळत नसेल तर १४४१६ला विचारा.

बढतीचं उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे ती तारीख बँकेकडून लेखी विचारून घ्या. वैद्यकीय कारणाने मुदत वाढते का, एकदा नाकारली तर पुन्हा कधी बसता येतं आणि बदलीत ठिकाणाचा पर्याय देता येतो का, हे तीन प्रश्न एचआरला ई-मेलने विचारा. कारण न सांगताही विचारता येतात. उपचार सुरू होऊन सहा-आठ आठवड्यांत झोप आणि भूक परतली, तर हाच पेच तुम्हाला वेगळा दिसेल. तेव्हाही अडलंच, तर त्या कोचची दोन-तीन सुटी सेशन घ्या, पॅकेज नको. आणि तारीख त्याआधीच आली, तर ज्या पर्यायातून नंतर माघार घेता येते तो धरा. तो कोणता, हे एचआरच्या उत्तरांवरून कळेल, म्हणून तो ई-मेल पहिल्या भेटीची वाट न बघता उद्याच पाठवा.